पथकात पोर घालण्याआधी

दर वर्षी जून संपत आला की आमच्या स्काऊट-गाईड पथकाची पालकसभा होते आणि दर वर्षी मला तेच प्रश्न विचारले जातात. दहावीला वाढीव गुण मिळतात का? पुढे मिलिटरीत भरतीला उपयोग होतो का? शिबिरात मोबाईल जवळ ठेवू देता का? आमची शाळा भिंगारला. मैदानाच्या भिंतीपलीकडे लष्कराची हद्द आहे, सकाळी तिकडून बँडचा सराव ऐकू येतो, त्यामुळे भरतीचा प्रश्न कधी चुकत नाही. मी उत्तरं देते. ती इतकी पाठ झाली आहेत की बोलता बोलता मी घरी कुकर लावायचा राहिला का, याचा विचार करू शकते. खरं सांगायचं तर कंटाळा आला आहे. गुडघे दुखतात, रविवारी सकाळी मैदानावर उभं राहायचं जिवावर येतं, आणि माझ्यानंतर हे कोण बघणार असं विचारलं की सगळा शिक्षकवर्ग एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागतो.

पथक मुळात माझं नाहीच. ते सरांचं. मुलींच्या बरोबर एक बाई हवी, असं एका बैठकीत ठरलं आणि त्या बैठकीला मी रजेवर होते. शाळेत कामं अशीच वाटली जातात. कागदावर मी गाईड कॅप्टन झाले, प्रत्यक्षात सरांच्या मागून पाण्याची बाटली घेऊन चालायचं एवढंच माझं काम.

सर म्हणजे आमचे स्काऊट मास्तर. वर्गात भूगोल शिकवायचे, पण त्यांना भूगोलाचे सर म्हणून कुणी ओळखत नसे. बारा महिने खाकी अर्धी विजार. नगरच्या थंडीत पिंढऱ्या फुटून पांढऱ्या पडायच्या, पण विजार काही घोट्यापर्यंत आली नाही. लग्नकार्यालाही तीच. गळ्यात शिट्टी असायची, ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "अहो बाई, शिट्टीवर चालायची सवय लागली की पोरं शिट्टीचं ऐकतात, माझं न्हाई. एखाद्या दिवशी ती घरी विसरली म्हणजे मी काय करू?" मग गळ्यात कशाला बाळगता, असं विचारायचा मोह मी आवरला. सरांना उलटा प्रश्न विचारला की मधली सुट्टी संपायची पण उत्तर संपायचं नाही.

खिशात दोरीचा एक तुकडा कायम. शिक्षकांच्या खोलीत बसले की बोलता बोलता हात चालू. मुख्याध्यापकांची छत्री खुर्चीला, माझी पर्स टेबलाच्या पायाला, कुणाच्या डब्याची पिशवी खिडकीच्या गजाला. मुद्दाम करत नसत, हाताला चाळाच तो. सायकलला कुलूप नव्हतं, दोरीच होती. एकदा जुन्या बाजारात त्यांनी सायकल विजेच्या खांबाला बांधली आणि आत भाजी घ्यायला गेले. वायरमनला खांबावर चढायचं होतं. त्यानं, भाजीवाल्यानं आणि एका रिटायर्ड सुभेदारानं मिळून ती गाठ सोडवायचा प्रयत्न केला, शेवटी वायरमन पक्कड काढून दोरी तोडायला निघाला तेव्हा सर आले. एका बोटानं गाठ सोडली आणि तिघांना तिथंच उभं करून ती कशी मारायची ते शिकवलं. वायरमन मला अजून भेटला की ती गोष्ट सांगतो. सरांना आपल्या गाठींचा गर्व होता. दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा मी त्यांच्यात पाहिला नाही.

त्यांची पालकसभा बघण्यासारखी असे. खुर्च्या मांडू द्यायचे नाहीत. मैदानातल्या लिंबाखाली सगळ्यांना मातीत बसवायचे. इस्त्रीच्या साड्या, पांढरे शर्ट, कुरकुर व्हायची. "पोरगं तीन दिवस ह्याच मातीत बसणार हाय, तुमी अर्धा तास बसून बघा," असं म्हणून सुरुवात. मग पोर का पाठवू नये, हेच सांगत राहायचे. गणवेश पहिल्याच रविवारी मळेल आणि तो पोरानंच धुवायचा. भाकरी करायला शिकेल, पण पहिल्या चार जळतील आणि त्या खाव्या लागतील. गुणांसाठी पाठवत असाल तर शिकवणी लावा, स्वस्त पडेल. कुणी म्हणालं, "सर, याला जरा शिस्त लावा, घरी कुणाचं ऐकत नाही," तर सर त्या माणसाकडे दमल्यासारखे बघायचे. "तुमचं पोर तुमचं ऐकत न्हाई, माझं कशापायी ऐकेल? माझ्याकडं ते एकमेकांचं ऐकायला शिकतं. शिस्त हवी तर घरी करून घाला."

आणि सगळ्यात शेवटी ते एक विचारायचे. आवाज खाली यायचा. "आता जाताना एक करा. जे मला सांगायचं न्हाई असं घरून ठरवून आलाय ना, तेवढं सांगून जा. एकेकटे या, मी त्या टाकीपाशी उभा राहतो."

मग ते खरंच जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभे राहायचे. पालक उठायचे, कपडे झटकायचे, "काही नाही हो सर, एकदम ठणठणीत आहे," असं लांबूनच म्हणायचे आणि गाड्या चालू करून निघायचे. सर तिथं उभे. सरांच्या त्या सगळ्या वर्षांत टाकीपाशी गेलेला एकही पालक मी पाहिला नाही. आपल्याकडे पोराचं दुखणं हे घरातलं दुखणं. ते बाहेर गेलं की लोकांच्या तोंडी लागतं, आणि मुलगी असेल तर पुढं स्थळं येईपर्यंत तिच्यामागे फिरतं. हे सरांनाही कळत होतं. "येणार न्हाईत," असं मला आधीच सांगून ते टाकीकडे जायचे.

शिबिरातली त्यांची दुसरी खोड म्हणजे काला. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी घरून आणलेले खाण्याचे डबे एकत्र करायचे. कुणाकडे काजूचे लाडू, कुणाकडे नुसती शेंगदाण्याची चटणी. सगळे डबे एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत जायचे, रोज थोडे उघडायचे आणि आतलं सगळं एका परातीत मिसळून वाटायचं. कुणाचं काय होतं ते कुणाला कळता कामा नये. "घरचा डबा म्हंजे घरचा पहारा," असं ते म्हणायचे. त्या पेटीलाही कुलूप नाही. सरांची गाठ. कुणाही पोराला ती सुटली नव्हती, आणि सरांना त्याचं फार कौतुक होतं.

आता ज्या मुलीमुळे मी हे लिहायला बसले तिच्याबद्दल सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे, नाव तेवढं बदललं आहे. ऋतुजा तेव्हा आठवीत होती. वडील डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवायचे, आई घरी ब्लाउज शिवायची. मुलगी बारीक, हुशार, तंबू उभारायला सगळ्यांत पुढं. पालकसभेला आई आली होती. लिंबाखाली अगदी कडेला बसली होती, आणि जाताना इतरांसारखीच म्हणाली होती, "तशी काय न्हाई सर, गुणी हाय पोरगी."

शिबिर हिवरे बाजारच्या बाजूला एका गावात होतं. गावच्या शाळेच्या पडवीत मुली, पटांगणात तंबूत मुलगे, खाली ओढ्याला बांध घातलेला. पहिली संध्याकाळ नेहमीसारखी गेली. डबे गोळा झाले, पेटीत गेले, सरांनी गाठ मारली. ऋतुजाचा डबा पितळी होता, गच्च झाकणाचा. तो देताना ती जरा रेंगाळली. मला वाटलं, लाडवांवर जीव आहे पोरीचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी झेंड्यासमोर सगळी मुलं रांगेत उभी होती. ऋतुजा रांगेतून एकदम आडवी झाली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. मी जागच्या जागी खिळले. सर धावत गेले, पण तिच्याजवळ पोचायच्या आधी त्यांनी एकच केलं. सगळ्या पथकाला हुकूम दिला, "पीछे मुड." मुलं सवयीनं गर्रकन वळली. "प्रार्थना म्हणा. मोठ्यानं. मी थांबवीपर्यंत." आणि सगळं पथक ओढ्याकडे तोंड करून प्रार्थना म्हणत राहिलं, पुन्हा पुन्हा, आणि त्यांच्या पाठीमागे सर मातीत गुडघे टेकून बसले होते.

तिचा स्कार्फ सोडला, आसपासचे दगड बाजूला केले, तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली स्वतःची टोपी ठेवली. धरलं-दाबलं काही नाही. गावातली एक मावशी धावत आली, "आवं मास्तर, कांदा हुंगवा, न्हाईतर चप्पल तरी. दातखीळ बसंल." सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मावशी. ते आपलं आपण थांबतंय. तुमी फक्त उन्हाकडून उभ्या ऱ्हा." मावशी पदर पसरून उभी राहिली. झटके थांबले. मग कुठं सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी बघायला सांगितलं.

गावातून टेम्पो मिळाला. नगरच्या दवाखान्याकडे जाताना ऋतुजा शुद्धीवर आली. माझ्या मांडीवर डोकं होतं. डोळे उघडून बराच वेळ टपाकडे बघत होती, मग हळूच म्हणाली, "सर, गोळ्या डब्यात हुत्या. लाडवाच्या खाली." आणि थोड्या वेळानं, "आईनं शपथ घातलीया, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. मी काल सगळे आंघोळीला गेल्यावर पेटी उघडायला बघितली. गाठ सुटलीच न्हाई."

तिची नखं मी तेव्हा पाहिली. दोन तुटली होती. सर टेम्पोच्या फाळक्याला टेकून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, गोळ्या चुकल्या म्हणून झालं. आईनं मला जिन्याखाली ओढून नेलं आणि माझे दोन्ही हात धरले. "बाई, पाया पडते तुमच्या. आकडीचं नाव काढू नका कुठं. वर्गातल्या पोरी जवळ बसायच्या न्हाईत तिच्या. उद्या लग्नाचं कसं व्हायचं?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? बाहेर व्हरांड्यात तोवर वडील आले होते, त्यांच्यामागून भाऊबंद. पोर का पडली हे त्या सगळ्यांना काहीतरी सांगावंच लागणार होतं, आणि वडिलांनी सांगितलं. "उपाशीपोटी उन्हात उभी केली माझी पोरगी. पाडली ह्या मास्तरनं." सर समोर उभे होते. वडिलांनी बोलता बोलता त्यांच्याकडे असं पाहिलं की मला ते अजून आठवतं. त्यात राग नव्हताच. विनवणी होती.

पुढचं ठरल्यासारखं झालं. तक्रार शाळेच्या मंडळाकडे गेली, मंडळाची बैठक बसली. मलाही बोलावलं होतं. अध्यक्षांनी बऱ्यापैकी सभ्यपणे विचारलं, मुलीला आधीपासून काही त्रास होता का? तुम्हाला कल्पना होती का?

सर म्हणाले, "डबे मी गोळा केले. पेटीची गाठ मी मारली. पोर पडली तेव्हा ती माझ्या ताब्यात होती."

"आम्ही त्रासाबद्दल विचारतोय."

"पोरीबद्दल मी काही बोलणार न्हाई."

डब्यांचा आणि पडण्याचा काय संबंध, हे तिथं कुणाला कळलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं एकजण पुटपुटला. पथक त्यांच्याकडून काढून घेतलं आणि माझ्या गळ्यात घातलं. या वेळी मी रजेवर नव्हते, पण उपयोग झाला नाही.

जिना उतरताना मी त्यांना गाठलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. म्हटलं, "सांगून टाकायचं होतं ना. पथक वाचलं असतं. आणि पोरांना तर सारखं सांगता, स्काऊट खरं बोलतो म्हणून."

"खरंच बोललो की," सर म्हणाले. "खरं बोलावं. सगळं बोलावं असं कुठं हाय?"

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाले. जुन्या बाजारामागे दोन खोल्यांत एकटेच राहतात. मैदानावरून जाणारा रस्ता सोडून लांबून बाजाराला जातात, हे मला भाजीवाल्यानं सांगितलं. मी समजले, अपमान झाला, मन विटलं. मी सणासुदीला जाऊन यायचे. पथकाचं नाव मीही काढत नसे आणि तेही. भिंगारमध्ये मात्र नाव निघायचं. नवीन पालक मला विचारायचे, "तुमच्याकडे ते मुलीला उन्हात पाडणारे मास्तर अजून आहेत का?" नाहीत, असं मी सांगायचे आणि पुढचा प्रश्न घ्यायचे. दर वर्षी. माणूस अशानं दमतो, गुडघ्यांनी नाही.

ऋतुजाचं शिक्षण झालं. आता नगरला एका लॅबमध्ये काम करते. गोळ्या चालू आहेत, त्रास फारसा नाही. मागच्या वर्षापासून रविवारी आपणहून मैदानावर यायला लागली, मुलींना तंबू शिकवते. मी कारण विचारलं नाही. फुकटचा माणूस मिळाला की कारण विचारू नये.

या जूनच्या सभेत माझी नेहमीची उत्तरं झाली. गुण, भरती, मोबाईल. शेवटी सरांचा प्रश्नही मी विचारला, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आणि लोक कपडे झटकायला लागले. तेवढ्यात ऋतुजा उठून उभी राहिली.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मला फिट येते. लहानपणापासून. रोज गोळी घेते. तुमच्या मुलींबरोबर शिबिराला मी जाणार आहे, म्हणून तुम्हाला माहीत पाहिजे."

सगळे होते तिथं थांबले. ती पुढं म्हणाली, "मी आठवीत असताना शिबिरात पडले होते, ते तुमच्यातल्या काहीजणांनी ऐकलं असेल. उन्हानं नव्हते पडले. गोळ्या आम्ही लपवल्या होत्या. सरांना त्याच दिवशी सगळं कळलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण मला त्याच वर्गात, त्याच मुलींबरोबर पुढं शिकायचं होतं."

बोलून झाल्यावरही ती बसली नाही. मी नंतर विचारलं, घरी बोललीस का? म्हणाली, "आईला सांगून आले. आई रडली. मग म्हणाली, जा." स्थळं अजून बघताहेत तिच्यासाठी. त्याचं आता काय होईल ते मला माहीत नाही आणि तिलाही नाही.

लोक पांगले तेव्हा टाकीपाशी चारपाच पालक उभे होते. राहात्याहून बदलून आलेले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले की मुलगा अजून अंथरूण ओलं करतो, त्याला कुणी हसणार तर नाही ना? एका आईनं पर्समधून दम्याचा पंप काढून दाखवला, तो कसा द्यायचा ते सांगितलं, आणि मग आपणच डोळे पुसले. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत प्रथमच मला घरी जायची घाई नव्हती.

संध्याकाळी सरांकडे गेले. ते दारात बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होते. खाकी अर्धी विजार, पाय आणखी बारीक झालेले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

ते संतापले. ताट बाजूला सारलं. "कशापायी बोलली? लग्न व्हायचंय तिचं. तुमी अडवायचं न्हाई का? एवढी वर्षं मी गप ऱ्हायलो ते काय लोकांच्या शिव्या गोड लागत हुत्या म्हणून? सगळं पाण्यात घातलं पोरीनं."

"तिनं मला विचारलं नव्हतं," मी म्हणाले. "तिची गोष्ट होती, तिनं सांगितली."

त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं आणि एक शेंग उचलली. मग आवाज खाली आला. "पालक काय म्हणाले?"

मी टाकीपाशी थांबलेल्यांचं सांगितलं. त्या गृहस्थांचं, त्या आईचं. सरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आपणहून थांबले? तुमी बोलावलं न्हाई? नाही म्हटलं, आपणहून. त्यांनी मान खाली घातली, आणि मला दिसलं ते रडत होते. मलाही रडू आलं. आम्ही दोघं तसेच बसलो, मधे शेंगांचं ताट.

"सर," मी शेवटी म्हटलं, "इतकी वर्षं मैदानाकडे फिरकला नाहीत. एवढं लागलं होतं का मनाला?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "लागायचं काय त्यात? पण तिथं गेलो असतो तर कुणीतरी तोंडावर विचारलंच असतं, सर, खरं काय झालं हुतं. मग मी काय करणार? सांगता येत नव्हतं, आणि खोटं मला बोलता येत न्हाई."

शेंगा निवडून झाल्या. त्यांनी ताट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि दाराशी येऊन उभे राहिले.

"रविवारी सातलाच भरतं ना अजून?" त्यांनी विचारलं. "येतो मग. आता कुणी विचारलं तरी चालेल."